पुढचं टोक

वेंडेल ऑस्टगार्डच्या मते दोष बंदुकीचाच होता. "पुढचं टोक जड आहे," एवढं एक वाक्य तो मे महिन्यापासून घोकत होता, आणि ते ऐकून ऐकून त्याच्या बायकोचे, आर्लिसचे, कान किटले होते. मे महिन्यात एक कायोटी, लांडग्याच्या जातीचा, भरदिवसा कुरणात उतरला आणि दोघांच्या डोळ्यांदेखत एक कोकरू मानेला धरून घेऊन गेला. वेंडेलनं कार्बाइन उचलली, नेम धरला, आणि आर्लिसला स्वच्छ दिसलं की नळी हळूहळू खाली चालली आहे. गोळी वीतभर पुढच्या मातीत गेली. कायोटीनं मागे वळूनही पाहिलं नाही.

आर्लिसला ठाऊक होतं, जड झालं होतं ते बंदुकीचं टोक नव्हे. थंडीतच त्याच्या डाव्या हातून कॉफीचा मग पडला होता. मग गवताची गासडी खांद्यापर्यंत जाईना. मग शर्टाची वरची बटणं लावायची राहू लागली आणि म्हणे उकडतंय म्हणून उघडी ठेवलीत! दक्षिण डकोटात फेब्रुवारीत उकडतंय. ती दर आठवड्याला म्हणायची, "रॅपिड सिटीला मोठ्या डॉक्टरकडे जाऊ." तो दर आठवड्याला म्हणायचा, "मेंढ्यांची वीण होऊ दे." वीण झाली, लोकर गेली, गवत कापून झालं. डॉक्टर तिथेच राहिला. आता ऑगस्ट निम्मा सरला होता आणि या माणसाचं सगळं लक्ष एका गोष्टीवर होतं, बंदुकीच्या नळीभोवती जिथे डावा हात धरतो ते हँडगार्ड बदलायचं. आणि तेही दीडशे डॉलरच्या आत.

जेवणाच्या टेबलावर तो चष्मा लावून कॅटलॉगची पानंच्या पानं बघायचा. हे लांब, ते आखूड, याला चारी बाजूंनी रेल म्हणजे दातेरी पट्ट्या, त्याला फक्त खाचा. आर्लिस बाटलीवरच्या पोरक्या कोकरांचं दूध ढवळत म्हणायची, "पोरीच्या लग्नाला नवरा बघताना एवढी पानं उलटली नव्हतीस."

"नवरा पसंत नाही पडला तर परत देता येतो," वेंडेल म्हणायचा. "हे एकदा बसवलं की घेत नाहीत."

त्यांच्या घरात कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली होती: बंदूक त्याची, बाटली तिची. तो मारणार, ती जगवणार. आर्लिस साप दिसला तर छोटी बंदूक चालवायची, पण कायोटीवर बंदूक रोखायची वेळ तिच्यावर कधी आली नाही, आणि येऊही नये असं ती उघड सांगायची. तिला त्या प्राण्याचा राग यायचा, पण त्याची पिल्लंही कुठेतरी भुकेली असतील हे तिच्या डोक्यातून जायचं नाही. वेंडेल यावरून तिची भरपूर थट्टा करायचा.

शनिवारी दोघं गावात गेली. डूएन टॉफ्टचं दुकान म्हणजे पुढे पेंड, मीठ आणि तारा, आणि मागे बंदुकांचं काउंटर. डूएन हा वेंडेलचा शाळेपासूनचा मित्र. जाडा, बडबड्या, दुसऱ्याच्या खिशाची स्वतःच्या खिशापेक्षा जास्त काळजी करणारा, म्हणूनच त्याचं दुकान कधी वाढलं नाही.

"आले राजेसाहेब," तो म्हणाला. "या महिन्यातली ही तिसरी फेरी. एवढ्या फेऱ्यांच्या पेट्रोलात कार्बन फायबरचं, सगळ्यात हलकं हँडगार्ड आलं असतं."

"कार्बनचं तुझ्या अंगावर घाल," वेंडेल म्हणाला. "काढ काय आहे ते."

डूएननं काउंटरवर तीन नग मांडले. पहिलं साधं प्लास्टिकचं, दोन फाकांचं, दाबलं की बसलं. स्वस्त. पण नळीलाच टेकतं, तापतं आणि थोडं हलतं. दुसरं चारी बाजूंनी दातेरी रेलचं, वापरलेलं, म्हणून किमतीत बसणारं. मात्र हातात घेतलं तर लोखंडी खलबत्ता वाटावा. तिसरं अॅल्युमिनियमचं, बारीक आणि आखूड, जागोजागी खाचा पाडून हलकं केलेलं. ते नळीला कुठेच न शिवता मागच्या एका नटवर उभं राहतं. ते सगळ्यात चांगलं होतं आणि दीडशेच्या वर होतं.

वेंडेलनं काउंटरवरच्या रिकाम्या बंदुकीवर एकेक नग अडकवून घेतला आणि प्रत्येक वेळी तेच केलं जे मागच्या दोन फेऱ्यांत केलं होतं. बंदूक आर्लिसपुढे धरली. "तू जरा उचल. मला लांबून बघू दे."

"मी काय शोकेसमधली बाहुली आहे?" आर्लिस म्हणाली. पण उचलली. न उचलून सांगते कुणाला! त्याच्या हाताचा तमाशा दुकानात व्हायला नको, म्हणून तो आपल्याला पुढे करतो अशी तिची समजूत होती. त्याची लाज झाकायला ती मुकाट्यानं खांद्याला बंदूक लावून उभी राहायची, आणि मनातून रडकुंडीला यायची.

दातेरी रेलनं तिचा तळवा सोलला. "हे किसणीसारखं आहे," ती म्हणाली.

"नको मग," वेंडेल लगेच म्हणाला.

बारीक अॅल्युमिनियमचं तिच्या मुठीत नीट बसलं. बोटं खालून वर येऊन जवळजवळ मिळाली. वेंडेल दोन पावलं मागे गेला, डोकं तिरकं करून पाहत राहिला. मग पुढे आला, खिशातून निळ्या चिकटपट्टीचा तुकडा काढला आणि उजव्या हातानं नगावर तिच्या अंगठ्याच्या पुढे चिकटवला.

"डोळे मिट, खाली घे, परत उचल."

तिनं उचलली. हात पुन्हा पट्टीलाच येऊन थांबला.

"हे," वेंडेल म्हणाला. "आणि इथे एक ठोकळी लागेल. हात पुढे घसरू नये म्हणून."

डूएननं मान खाजवली. "वेंडेल, तुझे हात बघ, माझे बघ. एवढ्या जवळ? तुझ्यासारख्या लांब हाताच्या माणसानं लांब नग—"

"मी काय मागितलं?"

"आखूड."

"मग आखूड दे."

डूएननं एकदा आर्लिसकडे पाहिलं आणि काउंटर पुसायला घेतलं. काउंटर स्वच्छच होतं.

राहता राहिले पैसे. वेंडेल बाहेर गेला आणि पिकअपच्या मागून एक खोकं उजव्या काखेत धरून घेऊन आला. त्यात त्याचं घरी काडतुसं भरायचं यंत्र होतं. लाकडी पाटासकट उखडून आणलेलं. दर हिवाळ्यात हा माणूस तळघरात बसून त्या यंत्राची दांडी ओढायचा, रेडिओ लावून, तोंडानं शीळ घालत. एका हातानं काडतूस बसवायचं, दुसऱ्यानं दांडी.

"हे घे, फरक भागव," तो म्हणाला.

आर्लिसचा तोल गेला. हे यंत्र कधी उखडलं याचासुद्धा तिला पत्ता नव्हता. "एका नळकांड्यासाठी? अरे, बंदूक जड नाही, काही जड नाही! नाचता येईना अंगण वाकडं! अंगण बदलून झालं, आता घर विकून ये!"

मिठाच्या पोत्यांजवळ एक शेजारी होता, तो मिठाची किंमत फार बारकाईनं वाचू लागला. वेंडेलचा चेहरा मात्र रागावला नाही, आणि तेच आर्लिसला जास्त लागलं. त्याचा राग तिला सांभाळता यायचा. हा नुसता तिच्याकडे बघत होता, जरा थकल्यासारखा.

"झालं बोलून?" त्यानं विचारलं. "मग ठोकळी काळी घेऊ की तांबूस?"

तो गाडीकडे गेल्यावर आर्लिस मीठ विसरल्याचं निमित्त करून आत परतली. "डूएन," ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्याला सांग की माल संपलाय. कंपनी बुडाली म्हणून सांग. हे मिळालं नाही तर निदान तो डॉक्टरकडे जाईल. बंदुकीला नावं ठेवायला जागाच उरणार नाही."

डूएन नेहमी एका प्रश्नाला चार उत्तरं द्यायचा. आज त्यानं एकच दिलं. "आर्लिस, मी यात पडणार नाही," तो म्हणाला. "मला नको गं यात ओढू." आणि त्यानं तिच्या हातात मिठाची पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत. तिला वाटलं, पुरुष पुरुषाचीच बाजू घेणार.

घरी येताना रस्त्यात तिनं शेवटचा डाव टाकला. "एक कबूल कर. हे हलकं बसवल्यावरही नळी खाली गेली, तर मुकाट्यानं रॅपिड सिटी."

वेंडेल एका हातानं गाडी चालवत होता. डावा मांडीवर पडला होता. "चालेल," तो म्हणाला.

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे चालेल. नळी खाली गेली तर रॅपिड सिटी."

आर्लिस पुढचा सगळा रस्ता मनातल्या मनात तयारी करत राहिली. मेंढ्यांकडे कोण बघेल, मुलीला फोन कधी करायचा, त्याचा बरा शर्ट कुठला. इतक्या सहजासहजी होकार कसा आला हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण बुडणाऱ्याला काडी सापडली की तो ती काडी कुठल्या झाडाची हे विचारत नाही.

नग पुढच्या आठवड्यात आला. नळीवरचं पुढचं अवघड काम डूएननं दुकानात करून दिलं होतं. राहिलेलं वेंडेल म्हणाला घरी करू, उगाच त्याला मजुरी कशाला. शेडमध्ये त्यानं बंदूक शिकंज्यात धरली आणि पाना आर्लिसच्या हातात दिला.

"मी?"

"माझा हात आज जरा दुखतोय."

आज! आर्लिस ओठ दाबून कामाला लागली. जुना नट काढला. नवा चढवला, वंगण लावून, आधी हातानं, मग पान्यानं. वेंडेल स्टुलावर बसून सांगत होता. "जोर एकदम नाही. घट्ट कर, सैल कर, परत घट्ट कर. तसं केल्यावर बसतो. आता नळकांडं सरकव. वरची रेल मागच्या रेलच्या रांगेत आली का बघ. नखानं बघ, डोळ्यानं नाही. हां. आता स्क्रू. एक या बाजूचा, एक त्या बाजूचा."

सगळं बसलं. तिनं हात पुसले.

"आता काढ," वेंडेल म्हणाला.

"काय?"

"सगळं काढ आणि परत बसव. मी बोलणार नाही."

"वेंडेल, मला कोकरांना दूध पाजायचंय!"

"थांबतील ती."

ती रागारागानं काढत गेली आणि बसवत गेली. तो खरोखर बोलला नाही. फक्त एका जागी ती चुकणार तेव्हा घसा खाकरला. शेवटी त्यानं ती काळी ठोकळी निळ्या पट्टीच्या खुणेवर ठेवली आणि आर्लिसनं स्क्रू पिळला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आर्लिसला ते बघवेना. ती मनात म्हणत होती, उद्या सकाळी हे समाधान माझ्याच हातानं उतरणार आहे, आणि मला ते उतरायलाच हवं आहे. नवऱ्याचा नेम चुकावा म्हणून देवाला साकडं घालणारी बायको आपल्याशिवाय दुसरी नसेल.

सकाळी दोघं कुरणाच्या कुंपणापाशी गेली. मेंढ्या उतारावर पसरल्या होत्या. दव होतं. पलीकडच्या टेकाडावर एक कायोटी बसलेला होता, निवांत. या घरातली नळी कुठे जाते हे त्यालाही मे महिन्यापासून माहीत होतं.

"उचल," आर्लिस म्हणाली.

वेंडेलनं बंदूक उजव्या हातात घेतली. क्षणभर बघितली. डावा हात त्यानं उजव्याच्या मदतीशिवाय वर आणायचा प्रयत्न केला, पण तो कमरेपर्यंत येऊन थांबला. मग त्यानं बंदूक तिच्यापुढे धरली.

"तू उचल."

"पुन्हा ते नाटक नको. इथे दुकान नाही, कोणी बघत नाही. तू उचल. कबूल केलंयस."

"आर्लिस, एकदा उचल."

तिनं उचलली, फक्त त्याचं तोंड बंद करायला. बंदुकीचा दस्ता खांद्याला लागला. डावा हात पुढे गेला आणि ठोकळीला येऊन थांबला. कोपर आपोआप बरगडीवर टेकलं. तिला काहीच शोधावं लागलं नाही. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की वेंडेल तिच्यापेक्षा हातभर उंच आहे. हे त्याला बसणारच नाही. इथे हात ठेवला तर त्याचं कोपर पोटात जाईल.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "ठोकळी फार जवळ बसवलीस. हे तुला नाही जमणार."

"नाही," वेंडेल म्हणाला.

"मग पुढे सरकवू ना?"

"नको. बरोबर आहे."

बंदूक तिच्या खांद्यालाच राहिली. तिला ती खाली घ्यायचं सुचेना. दुकानातल्या तीन फेऱ्या, निळी पट्टी, किसणी म्हटल्याबरोबर नको म्हटलेली ती रेल, उखडलेलं यंत्र, दोनदा बसवून घेतलेला नट, सगळं एकापाठोपाठ तिच्या अंगावर आलं.

"तू कबूल केलंस," ती म्हणाली. "नळी खाली गेली तर डॉक्टर."

"जाऊन आलो."

"कधी?"

"एप्रिलमध्ये. तू विणीच्या शेडमध्ये होतीस. मी आणि डूएन नर मेंढा बघायला गेलो होतो, आठवतं? मेंढा बघितलाच नाही."

"आणि?"

वेंडेलनं टोपी काढली आणि परत घातली. "हा हात गेला. मग दुसरा जाईल. मग पाय. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं म्हणाले. मी म्हटलं, ते आधीही कुणाला फारसं दिसलेलं नाही."

ती हसली नाही. "औषध असेल ना काहीतरी. गोळ्या."

"आहेत. घेतोय. तळघरात ठेवल्यात. त्या गोळ्यांनी थोडं लांबतं म्हणे."

"किती लांबतं?"

"थोडं."

आर्लिसला त्याला मारावंसं वाटलं. एप्रिल ते ऑगस्ट तिनं या माणसाला भित्रा म्हटलं, हट्टी म्हटलं, चार लोकांत अंगण वाकडं म्हटलं, आणि तो ऐकत राहिला. ती ज्या दाराला धडका देत होती ते दार तो आधीच उघडून आत डोकावून आला होता, आणि आत काही नव्हतं. आता धडका द्यायलासुद्धा काही उरलं नाही, याचंच तिला सगळ्यात भय वाटलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बंदूक हातात घेतली असतीस? म्हणाली असतीस, मेंढ्या विकू, गावात राहू, मी तुझ्याजवळ बसते." तो कुंपणाला रेलला. "मी गेल्यावरही मेंढ्या आहेत, आर्लिस. तो बसलाय तोही आहे. निदान तुझ्या हाताला बसेल असं काहीतरी करून ठेवावं म्हटलं. दुसरं माझ्या हातात काय होतं?"

टेकाडावरचा कायोटी उठला, अंग ताणलं आणि उतारावरून खाली येऊ लागला. एक कोकरू आईपासून लांब चरत होतं.

"गाल टेकव," वेंडेल तिच्या कानाशी म्हणाला. "अर्धा श्वास सोड. ओढू नकोस, दाबत जा."

तिनं गाल टेकवला. नळी खाली गेली नाही. बंदूक हलकी होती, खरंच हलकी, दीडशे डॉलर आणि एका यंत्राच्या बदल्यात याहून चांगलं कुणी शोधून दिलं नसतं. पण आर्लिसच्या डोळ्यांपुढे सगळं पाण्यात बुडालं होतं, तिचे खांदे हलत होते आणि त्याबरोबर नळीही. तिनं दाबलं. माती उडाली, कायोटीच्या बरीच डावीकडे. तो दचकला, थांबला, आणि धावत टेकाडापलीकडे नाहीसा झाला. मेंढ्या गोळा झाल्या. कोकरू आईच्या पोटाखाली शिरलं.

तिनं बंदूक खाली केली. टोमणा मारायची एवढी चांगली संधी वेंडेलनं आयुष्यात पहिल्यांदाच सोडली.

"पुढचं टोक जड आहे," आर्लिस म्हणाली.

वेंडेलनं तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "आहे खरं."

"डूएनकडे याहून हलकं काही असेल. शनिवारी जाऊन बघू."

"बघू की," तो म्हणाला. "कार्बनचं असतं त्याच्याकडे. महाग आहे."

"असू दे," ती म्हणाली. "घाई काय आहे? दर शनिवारी जाऊ."